सहा पाउंडांत फुटबॉल

६ फेब्रुवारी २०१६, शनिवार. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर यजमान संघ संडरलंडविरुद्ध २-० असा पुढे होता. घड्याळात ७७वं मिनिट लागलं आणि स्टँडमधले हजारो लोक उठून दरवाजाकडे चालू लागले. अंदाजे दहा हजार माणसं चालता सामना सोडून बाहेर पडली. आपला संघ जिंकत असताना त्याच्याकडे पाठ फिरवणं इंग्लंडमध्ये सहसा घडत नाही. पण नव्याने वाढवलेल्या मुख्य स्टँडमधल्या काही जागांचं तिकीट पुढच्या हंगामापासून ७७ पाउंडांना मिळेल, असं क्लबने नुकतंच जाहीर केलं होतं. सर्वांत महाग सीझन तिकीट तर हजार पाउंडांच्या वर जाणार होतं. लोक बाहेर पडले आणि उरलेल्या वेळात संडरलंडने दोन गोल चढवले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. आठवडा संपायच्या आत अमेरिकी मालकांनी जाहीर माफी मागितली, ७७ पाउंडांचा भाव मागे घेतला आणि पुढचे दोन हंगाम दरवाढ करणार नाही असं लिहून दिलं.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात, मंगळवारी, जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये दुसरं नाटक रंगलं. जर्मन चषकाच्या सामन्यासाठी आलेले डॉर्टमुंडचे पाठीराखे मुद्दाम वीसेक मिनिटं उशिरा आत आले आणि मग त्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू भिरकावायला सुरुवात केली. तक्रार तिकिटाचीच होती. उभं राहून सामना बघायला वीस युरोंच्या आसपास आणि काही खुर्च्यांना सत्तर, हा भाव त्यांच्या लेखी दरोडा होता. लिव्हरपूलच्या माणसाने वीस युरो ऐकले असते तर त्याने लगेच रांग लावली असती.

एकच खेळ, श्रीमंतीत फारसे मागे नसलेले दोन देश, आणि महाग कशाला म्हणायचं याची मोजपट्टी मात्र निरनिराळी. बाजारात मागणी वाढली की भाव वाढतो, हे सांगून हा फरक उलगडत नाही. डॉर्टमुंडचं मैदान ८१ हजारांचं आहे आणि ते जवळपास दर सामन्याला भरतं. मागणीच्या हिशेबाने तिथलं तिकीट युरोपात सर्वांत महाग असायला हवं होतं.

आधी सीझन तिकीट म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण त्यातल्या बारकाव्यांमुळे भल्याभल्यांचे हिशेब चुकतात. हंगामभरात आपल्या क्लबचे जे लीग सामने घरच्या मैदानावर होतात, त्या सगळ्यांचं मिळून हे एक तिकीट. जागा ठरलेली, शेजारी ठरलेले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ आहेत, म्हणून घरचे सामने १९. जर्मनीच्या बुंडेसलिगात संघ १८, म्हणून १७. इंग्लंडच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत २४-२४ संघ, तिथे २३. चषक स्पर्धांचे आणि युरोपातले सामने सहसा यात धरलेले नसतात. अनेक क्लब मग एक वेगळीच सोय पुढे करतात: ‘चषकाचा सामना आला की तुमच्या कार्डावरून पैसे आपोआप वळते करू’. या सोयीपुढे नकळत खूण केली गेली, तर स्वस्त म्हणून घेतलेलं तिकीट वसंत ऋतू येईस्तोवर महाग झालेलं असतं.

म्हणून तुलना करायची तर सामन्यामागे किती पडलं, अशीच करावी. २०१२-१३च्या हंगामात आर्सेनलचं सर्वांत स्वस्त सीझन तिकीट ९८५ पाउंडांचं होतं. ऐकून छाती दडपते, पण त्यात लीगच्या १९ सामन्यांबरोबर चषकांचे सात सामनेही होते. म्हणजे सामन्याला साधारण ३८ पाउंड. त्याच सुमारास म्युनिकच्या बायर्नचं उभ्याचं सीझन तिकीट १०४ पाउंडांना मिळत होतं. सतरा सामने, सामन्याला सहा पाउंड आणि वर काही पेन्स. चषकाचे सामने धरले काय, न धरले काय, अंतर निदान सहा पटींचं उरतंच. बायर्न हा काही गल्लीतला क्लब नव्हे. त्याच हंगामात त्याने युरोपातला सर्वोच्च चषक जिंकला.

त्या वेळचे बायर्नचे अध्यक्ष उली होनेस यांनी यामागचा हिशेब उघड सांगितला होता. भाव १०४ वरून ३०० पाउंड केला, तर क्लबला वर्षाला सुमारे २० लाख पाउंड जास्त मिळतील. एखाद्या खेळाडूच्या सौद्यात एवढ्या रकमेवर पाच मिनिटं घासाघीस होते. प्रेक्षकाला मात्र हा फरक फार मोठा असतो आणि प्रेक्षक ही दूध काढायची गाय नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. याच होनेसांना २०१४मध्ये कोट्यवधी युरोंची करचुकवेगिरी केल्याबद्दल साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांना संत ठरवायची घाई नको. पण गणित त्यांचं बरोबर होतं.

आणि ते गणित त्यांना मांडावं लागत होतं, हे जास्त महत्त्वाचं. बायर्नच्या फुटबॉल कंपनीत आडिडास, आउडी आणि आलियान्झ यांचा प्रत्येकी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास वाटा आहे. उरलेले ७५ टक्के सभासदांच्या संस्थेकडे आहेत आणि त्या संस्थेचे सभासद तीन लाखांहून अधिक आहेत. अध्यक्षाला दर वर्षी त्यांच्यासमोर उभं राहावं लागतं. जर्मन फुटबॉल महासंघाने १९९८मध्ये क्लबांना आपला व्यावसायिक संघ कंपनीत रूपांतरित करायची मुभा दिली, पण अट घातली की निम्मी मतं आणि वर एक मत मूळ संस्थेकडेच राहिलं पाहिजे. ‘पन्नास अधिक एक’ म्हणून हा नियम ओळखला जातो. बायर कंपनीचा लेव्हरकुझेन आणि फोक्सवागनचा वोल्फ्सबुर्ग असे काही जुने अपवाद त्याला आहेत, आणि त्यांच्यावरून जर्मनीत अजून भांडणं होतात.

कोल्हापूरच्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम हे संघ कुणा शेटजीने विकत घेतलेले नाहीत. ते पेठेचे आहेत, तालमीचे आहेत, आणि संघ हरला की जाब विचारायला पेठ दारात हजर असते. जर्मन क्लबांचं मूळ असंच आहे, फक्त त्यावर शे-दीडशे वर्षांत कोट्यवधींची उलाढाल चढली.

बर्लिनच्या पूर्व भागातल्या युनियन बर्लिन या क्लबाची कहाणी तर थेट श्रमदानाची आहे. २००४मध्ये हा क्लब दिवाळखोरीच्या काठावर होता. लीगमध्ये खेळण्याचा परवाना टिकवायला पैसे हवेत म्हणून पाठीराख्यांनी रक्तदान केलं. तिथे रक्त देणाऱ्याला मोबदला मिळतो, तो त्यांनी क्लबच्या तिजोरीत टाकला. पुढे २००८मध्ये मैदानाची डागडुजी टाळता येईना आणि कंत्राटदाराला द्यायला पैसे नव्हते. तेव्हा दोन हजारांहून अधिक माणसं सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, रजा टाकून कामावर आली. कुणी गवंडी, कुणी वेल्डर, तर कुणी आयुष्यात फावडं न धरलेले कारकून. जुन्या पायऱ्या फोडून नव्या ओतणं, कठडे बसवणं, छताचं काम, असे मिळून १ लाख ४० हजार तास त्यांनी फुकट राबून भरले. आज त्या मैदानात २२ हजार माणसं मावतात आणि त्यांतल्या १८ हजारांहून अधिक जागा उभ्याच्या आहेत. खुर्च्या जेमतेम साडेतीन हजार. २०१९मध्ये युनियन पहिल्यांदा बुंडेसलिगात आला, तरी उभ्याच्या जागा काढून महागड्या खुर्च्या टाकाव्यात असं सुचवायची कुणाची टाप नव्हती. ज्याने पायरी स्वतः ओतली आहे, त्याला तिथून हलवणार कसं?

उभ्याच्या जागा हेच जर्मनीतल्या स्वस्ताईचं खरं यंत्र. एका खुर्चीच्या जागेत जवळजवळ दोन माणसं उभी राहतात. डॉर्टमुंडच्या गोलमागचा दक्षिण स्टँड चोवीस हजारांहून अधिक लोकांचा आहे, युरोपातला उभ्याचा सर्वांत मोठा. पिवळ्या टी-शर्टांची ती भिंत टीव्हीवर दिसली नाही, तर डॉर्टमुंडचा सामना कुणाला डॉर्टमुंडचा वाटणार नाही. तिथलं सीझन तिकीट अलीकडच्या वर्षांत अडीचशे युरोंच्या आतबाहेर राहिलं आहे, म्हणजे सामन्याला पंधरा युरोंच्या आसपास. बहुतेक शहरांत सामन्याच्या तिकिटावर त्या दिवशीची ट्राम आणि लोकलही फुकट असते. या स्वस्ताईचा भार वरच्या काचेच्या दालनांत बसून जेवणारे कंपन्यांचे पाहुणे उचलतात. तेही खुशीने, कारण खालची भिंत गात नसेल तर त्या दालनात बसण्यात मजा काय? प्रक्षेपणाचे हक्क विकत घेणाऱ्या वाहिनीलाही ती गर्दी आणि तो आवाज हवाच असतो. गोलमागे उभा राहणारा माणूस हा असा अर्धा प्रेक्षक आणि अर्धा कलाकार असतो. त्याला कमी पैशांत आत घेणं ही मेहेरबानी नव्हे.

इंग्लंडमध्येही १९८०च्या दशकापर्यंत उभ्याचाच फुटबॉल होता. १५ एप्रिल १९८९ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलच्या पाठीराख्यांच्या कोंडाळ्यात चेंगराचेंगरी झाली आणि तिने अखेरीस ९७ जणांचा बळी घेतला. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी १९९०मध्ये शिफारस केली की वरच्या श्रेणीतल्या मैदानांत सर्वांना बसायला जागा हवी. हा अहवाल तिकिटं महाग करणारा म्हणून बदनाम झाला, पण ते अर्धसत्य आहे. टेलर यांनी भाव वाढवायला सांगितलं नव्हतं. उलट ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला देऊन त्यांनी म्हटलं होतं की तिथे उभ्याला चार पाउंड पडतात आणि बसायला सहा. बसण्याची सोय केली म्हणून भाव आवाक्याबाहेर जायलाच हवा असं नाही. क्लबांनी खुर्च्यांची शिफारस घेतली आणि भावाचं वाक्य सोडून दिलं. १९९२मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला, परदेशी मालक आले, आणि ज्या गोऱ्या कामगार वस्त्यांनी हे क्लब वाढवले होते, त्यांची मुलं पबमधल्या पडद्यावर सामने बघू लागली.

तरी इंग्लंडमध्ये अपवाद आहेत आणि ते मोठे मजेदार आहेत. यॉर्कशायरमधलं ब्रॅडफर्ड हे एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांचं शहर. त्याचा क्लब ब्रॅडफर्ड सिटी १९९९ ते २००१ अशी दोन वर्षं प्रीमियर लीगमध्ये होता, मग आर्थिक संकटात सापडून घसरत घसरत २००७मध्ये चौथ्या श्रेणीत जाऊन पडला. मैदान मात्र २५ हजारांचं, वैभवाच्या काळातलं. चौथ्या श्रेणीच्या सामन्याला तिथे चार-पाच हजार लोक विखरून बसले असते तर ते मैदान खायला उठलं असतं. क्लबने सीझन तिकीट १३८ पाउंडांना काढलं. २३ सामने, म्हणजे सामन्याला बरोबर सहा पाउंड. हंगामात सरासरी तेरा हजारांवर लोक आले. त्या श्रेणीतले बाकीचे बहुतेक क्लब त्याच्या निम्म्यावरही समाधान मानत होते.

हा नुसता उदारपणा नव्हता. रिकाम्या खुर्चीतून छदामही येत नाही, पण दिवे, पोलीस बंदोबस्त आणि कर्मचारी यांचा खर्च व्हायचा तो होतोच. शिवाय सीझन तिकिटाचा पैसा उन्हाळ्यात, म्हणजे एकही सामना नसताना हातात येतो, आणि लहान क्लबांची पगाराची ओढाताण नेमकी तेव्हाच असते. आत आलेला माणूस मध्यंतरात काहीतरी खायला आणि चहा घेतो, पोराला स्कार्फ घेतो. आणि त्या पोराची सवय पुढे चाळीस वर्षं टिकते.

शेजारच्या हडर्सफील्डमध्ये २०१७ला आणखी वेगळं घडलं. क्लब ४५ वर्षांनी सर्वोच्च श्रेणीत पोचला होता. दुसऱ्या कुणी या संधीत भाव दुप्पट केला असता. अध्यक्ष डीन हॉयल हे शुभेच्छापत्रांच्या दुकानांच्या साखळीतून श्रीमंत झालेले गृहस्थ, लहानपणापासूनचे पाठीराखे. त्यांनी वाईट काळातही वर्षानुवर्षं सलग तिकीट घेणाऱ्यांना शब्द दिला होता की आपण प्रीमियर लीगमध्ये गेलो तर तुम्हाला हंगाम १०० पाउंडांत. तो त्यांनी पाळला. मँचेस्टर युनायटेड घरी आला तेव्हा यातल्या माणसाला तो सामना सव्वापाच पाउंडांत पडला, आणि हडर्सफील्डने तो २-१ असा जिंकला.

पण मोठ्या क्लबांचा कल आता उलटा आहे. सीझन तिकीटवाला त्यांना परवडेनासा झाला आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. तो वर्षानुवर्षं त्याच जागेवर बसतो, घरून सँडविच आणतो आणि टी-शर्ट चार वर्षांतून एकदा घेतो. त्याच खुर्चीवर एका सामन्यासाठी आलेला पर्यटक दुप्पट-तिप्पट भाव मोजतो आणि दुकानातून दोन पिशव्या भरून नेतो. यात आपलाही हात आहे. ठाण्या-पुण्याहून लंडन-मँचेस्टरच्या सहलीला गेलेलं कुटुंब जेवणासकट पॅकेज घेऊन ‘मुलाची हौस’ पुरवतं, तेव्हा त्या खुर्चीचा भाव वर नेणारी मागणी तेच असतं. नोव्हेंबर २०२४मध्ये मँचेस्टर युनायटेडने हंगामाच्या मध्यावर उरलेल्या तिकिटांचा भाव सरसकट ६६ पाउंड केला. लहान मुलं आणि पेन्शनर यांची सवलतही गेली. इंग्लंडमधल्या पाठीराख्यांच्या संघटनेने त्याच वर्षी निष्ठेची पिळवणूक थांबवा, अशी मोहीम उघडली होती. अशा मोहिमा तिथे वाया जात नाहीत: पाहुण्या पाठीराख्यांच्या तिकिटाला २०१६मध्ये ३० पाउंडांची कमाल मर्यादा लागली, ती ‘वीस पाउंड पुष्कळ’ या घोषणेखाली चाललेल्या अशाच आंदोलनामुळे. त्याआधी जानेवारी २०१३मध्ये आर्सेनलच्या मैदानावरच्या सामन्यासाठी मँचेस्टर सिटीच्या वाट्याला आलेली नऊशेहून अधिक तिकिटं न खपता आर्सेनलकडे परत गेली होती; भाव होता ६२ पाउंड.

तर मग एखाद्याला खरोखरच स्वस्त सीझन तिकीट हवं असेल, समजा शिकायला किंवा नोकरीला नुकत्याच युरोपात गेलेल्या मुलीला, तर तिने काय करावं? बायर्न किंवा लिव्हरपूलच्या नादी लागू नये. त्यांच्या प्रतीक्षायादीत नाव घालून नंबर लागेपर्यंत नोकरीतून निवृत्त व्हायची वेळ येते. एक-दोन श्रेणी खाली उतरलं की दार उघडं असतं. नूतनीकरणाची खिडकी बहुधा मार्च ते मे या काळात असते आणि लवकर घेणाऱ्याला सर्वांत कमी भाव लागतो. अडचण इतकीच की तेव्हा संघ पुढच्या वर्षी कोणत्या श्रेणीत असेल हे ठरलेलं नसतं. गोलमागच्या जागा सर्वांत स्वस्त. वयाच्या पायऱ्या नीट वाचाव्यात, कारण इंग्लंडमध्ये कितीतरी क्लब २१ वर्षांपर्यंत सवलत देतात, आणि जर्मनीत विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर चालतं. आधी मिळेल ती जागा घ्यावी. हंगाम संपल्यावर जागा बदलून घ्यायची मुदत असते, तेव्हा चांगल्या कोपऱ्यात सरकता येतं. जानेवारीत अनेक ठिकाणी उरलेल्या अर्ध्या हंगामाचं तिकीट निघतं. हप्त्यांची सोय दिसली तर तिच्यामागे क्लब आहे की व्याज लावणारी वित्तसंस्था, हे आधी पाहावं. आणि महिलांच्या लीगचं सीझन तिकीट या सगळ्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतं. आर्सेनलच्या महिला संघाने तर २०२४-२५पासून पुरुष संघाचं एमिरेट्स हेच आपलं मुख्य मैदान केलं आहे.

एक सामना चुकणार असेल तर ते तिकीट मित्राला परस्पर विकू नये. इंग्लंडमध्ये क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. क्लबचं स्वतःचं अदलाबदलीचं संकेतस्थळ असतं, तिथे जागा सोडली की सामन्याच्या वाट्याचे पैसे परत मिळतात. आणि जागा वारंवार रिकामी ठेवणाऱ्यावर आता क्लबांची नजर असते: हंगामात ठराविक सामन्यांना तिकीट वापरलं गेलं नाही, तर पुढच्या वर्षीचा हक्क जातो. बायर्नसुद्धा याबाबत कडक आहे. स्वस्त तिकीट घेऊन घरी बसणाऱ्याने रांगेतल्या माणसाची जागा अडवलेली असते, हा त्यामागचा युक्तिवाद रास्त आहे.

सर्वांत धाडसी प्रयोग मात्र ऱ्हाइनकाठच्या ड्युसेलडॉर्फमध्ये सुरू झाला. दुसऱ्या श्रेणीतल्या फोर्टुना ड्युसेलडॉर्फने २०२३मध्ये जाहीर केलं की काही वर्षांत घरच्या सगळ्या लीग सामन्यांना प्रवेश फुकट करायचा. पैसे प्रायोजक कंपन्या भरतील. सुरुवात तीन सामन्यांनी. पहिला होता २१ ऑक्टोबर २०२३ला कैझर्सलाउटर्नविरुद्ध. मैदान पन्नास हजारांहून थोडं मोठं, अर्ज लाखाहून अधिक, म्हणून सोडत काढावी लागली. फोर्टुना ०-३ असा मागे पडला आणि मग ४-३ असा जिंकला. फुकट आलेल्यांना याहून जास्त काय द्यायचं? त्याच हंगामाच्या शेवटी, बोखुमविरुद्धच्या दोन सामन्यांत, बुंडेसलिगात चढायची संधी आली. बोखुमच्या मैदानात पहिला सामना फोर्टुनाने ३-०ने जिंकला, आणि घरच्या मैदानात तेवढ्याच फरकाने हरून पेनल्टीवर संधी घालवली. संघ दुसऱ्या श्रेणीतच राहिला. फुकट सामने मात्र पुढच्या हंगामातही चालू राहिले.